चामटोलीच्या काकूंचा अर्ज

मी आमच्या भागातल्या एका सरकारी रुग्णालयात समाजसेवेच्या विभागात काम करतो. घरातला पहिला पदवीधर असल्यामुळे या नोकरीचं मला अजूनही अप्रूप आहे. रुग्ण कल्याण समितीसाठी नागरिक सदस्य शोधायचं काम आलं तेव्हा मी हौसेनं अर्जाचा नमुनाही स्वतःच तयार केला.

दोन जागा लगेच भरल्या. अंबरनाथचे एक निवृत्त कारखाना अधिकारी आणि उल्हासनगरचे एक सिंधी दुकानदार आनंदानं तयार झाले. गावांकडच्या महिलेची जागा मात्र रिकामी राहिली. सोमवारपर्यंत नाव मिळालं नाही, तर मागच्या समितीतल्या बाईंचंच नाव पुन्हा जाणार होतं, आणि त्या एकाही बैठकीला आल्या नव्हत्या.

बाळंतीण कक्षातल्या सिस्टर म्हणाल्या, "चामटोलीच्या काकूंना विचारा की. गावातल्या अडलेल्या बाया त्याच घेऊन येतात. आम्हाला रागावतात पण!"

रविवारी बदलापूरहून रिक्षा करून गेलो. काकू मळ्यात वालाच्या शेंगा तोडत होत्या. मी येण्याचं कारण सांगताच त्यांची सून हसत म्हणाली, "आई, तुमी आता खुर्चीत बसनार. शेंगा कोन तोडनार?"

"तू हायेस ना!" काकू म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "वाचा भाऊ, काय लिवलंय."

मी अर्ज वाचू लागलो. नाव, वय, शिक्षण.

"थांबा तिथंच," त्या म्हणाल्या. "मी शालेत गेलेली नाय. शिकलेली कोन तरी बघा."

त्या पुन्हा शेंगांकडे वळल्या. तो रकाना कुणीही मागितलेला नव्हता. माझ्या पदवीच्या कौतुकात मीच तो घातला होता. मी घाईघाईनं पुढचा प्रश्न वाचला: सामाजिक कामाचा अनुभव.

"अनुभव म्हंजे?"

"किती जणींना दवाखान्यात नेलंत आजवर?"

"ते कोन मोजतं?" त्या सरळ उभ्या राहिल्या आणि गावाकडे हात केला. "त्या निळ्या घराची थोरली सून, रिक्षातच बालंत झाली. मागं पत्र्याचं घर हाय ना, तिला रक्त लागलेलं. आमाला पुढं कल्यानला धाडलं. त्या पलीकडची दोनदा. दुसऱ्या टायमाला पोर वाचलं नाय. तिच्यापाशी मी तीन दिस होते."

हात एकेका घरावरून सरकत गेला. एकही घर सुटलं नाही. मी वहीत लिहीत होतो, मग लिहायचंच राहून गेलं. इतकी वर्षं पुस्तकातून 'माता आरोग्य' शिकलो होतो. इथे ते वालाच्या मळ्यात, हातात शेंगा घेऊन उभं होतं.

मी त्यांच्यासमोर शिक्षणाच्या रकान्यावर काट मारली आणि सोमवारची अडचण सांगितली.

"ती बाई एकदा पन नाय आली?"

"नाही."

"मग लिवा माजं नाव. पन मी गप बसनार नाय."

पहिल्या बैठकीत त्या तासभर गप्पच होत्या. भिंतींच्या रंगकामाची चर्चा झाली, नव्या फलकाची झाली. शेवटी अधीक्षकांनी विचारलं, "काकू, तुम्हाला काही सांगायचंय?"

"बालंतिनींच्या संडासाला आतून कडी नाय. एकीनं दार धरायचं, दुसरीनं जायचं. एकटी आली ती दिसभर पानीच पीत नाय."

त्या कक्षावरून मी चार वर्षं रोज जात होतो. अधीक्षकांनी तिथूनच सुताराला फोन लावला.

काकूंनी पिशवी उचलली. "माजं झालं का? बाहेर गावची पोर बसलीय, पहिलटकरीन. तिचा नंबर येल."

त्या गेल्या. निवृत्त अधिकारी चष्मा पुसत मला हळूच म्हणाले, "ह्यांना कुठून शोधून आणलंत हो?"

मी म्हणालो, "साहेब, त्या तर इथेच येत होत्या."