पुडी काय औषध हाय व्हय?

"अज्जा, तुमचं डोकं औषधानंच दुखतंय."

बेळगावच्या मोठ्या दवाखान्यात डोक्याच्या डॉक्टरीणबाई असं बोलल्या, तेव्हा मला वाटलं, बाई कानडी आहेत, आजोबाला अज्जा म्हणतात, मराठीत कायतरी उलटसुलट झालं असेल. मी म्हटलं, "औषधानं डोकं दुखायचं राहतंय बाई, दुखत नसतंय. आणि मी औषध घेतच न्हाय. होमिओपॅथीच्या साबुदाण्यागत गोळ्या तेवढ्या."

"रोज दुसरं काहीच घेत नाही? नक्की?"

"न्हाय म्हटलं की न्हाय."

शेजारी आमची मंडळी बसलीती. ती हळूच म्हणाली, "आवो, पुडी सांगा की."

"गप बस गं. पुडी काय औषध हाय व्हय?"

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "दिवसाला किती पुड्या?"

हिनंच सांगून टाकलं. "चहा जितका, तितक्या."

लांबच्या माणसाला पुडी कळायची नाही, म्हणून सांगतो. आमच्याकडं किराणा दुकानात चहापत्तीच्या शेजारी कागदी पुड्यांची माळ टांगलेली असते. आत पांढरी भुकटी. डोकं जड झालं की जिभेवर टाकायची, वर चहाचा घोट. वडगावात आम्ही विणकर माणसं. मागाच्या खडखडाटात सगळ्यांचंच डोकं उठतं, त्यामुळं खिशात तंबाखू तशी पुडी. औषध म्हणजे जे डॉक्टर लिहून देतो ते. पुडीला कधी कुणी औषध म्हटलेलं मी ऐकलं नाही.

माझं दुखणं जुनं. डाव्या कानशिलातून उठायचं, डोळ्यात शिरायचं, उजेड सोसायचा नाही, वांती झाली की जरा हलकं. ह्याला मायग्रेन म्हणतात, म्हणजे आपली अर्धशिशी. ती अधूनमधून यायची आणि जायची, मी मोजत नव्हतो. पण अलीकडं ती रोजच मुक्कामाला आली. साडीच्या काठावरचा धागा तुटला तरी दिसेना. विणकराला तुटला धागा दिसेना झाला, की त्यानं मागासमोर उभं राहून करायचं काय?

त्यावेळी इथल्या एका होमिओपॅथी कॉलेजात जुन्या डोकेदुखीवर संशोधन चाललंतं. निम्म्यांना औषधाच्या गोळ्या, निम्म्यांना नुसत्या साखरेच्या. कुणाला काय मिळालं, ते देणाऱ्या डॉक्टरलाबी ठाऊक नसतं. त्या साखरेच्या गोळीला प्लासिबो म्हणतात, म्हणजे औषधाचं सोंग. हे सगळं मला समजावून सांगितलंतं. पण मला कुणी सोंग देईल, असं मनातसुद्धा आलं नाही.

तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, "दुसरं औषध काही चालू आहे?" मी न्हाय म्हटलं. त्यांनी पथ्य सांगितलं. कच्चा कांदा बंद, कॉफी बंद. मी हट्टाचा माणूस. भाकरीबरोबरचा कांदा टाकला, लग्नघरची कॉफी परत पाठवली. पुडी तेवढी चालू राहिली.

सुरुवातीला खरंच बरं वाटलं. मी शहापूरपासून येळ्ळूरपर्यंत सांगत सुटलो. येळ्ळूरचा माझा साडू म्हणाला, "पावनं, साखर चघळून डोकं राहत असतं तर हलवायाला अर्धशिशी झालीच नसती." त्याच्याशी मी बोलणं टाकलं.

मग दुखणं परत आलं, दुपटीनं. एकदा मागापाशीच वांती होऊन खाली बसलो. पोरानं उचलून मोठ्या दवाखान्यात आणलं.

एमआरआय केला. ह्यात माणसाला नळकांड्यात सरकवून लोहचुंबकानं डोक्याच्या आतलं चित्र काढतात. लोक त्या आवाजाला भितात. मला तर आपल्या मागाच्या शेडमधी झोपल्यागत वाटलं, डोळा लागला. चित्र साफ आलं. गाठ नाही, रक्त साकळलेलं नाही. रक्ताची तपासणी मात्र वाईट निघाली. क्रिएटिनिन वाढलंतं. मूत्रपिंड रक्तातली घाण नीट गाळतंय का, ते ह्या आकड्यावरनं कळतं. त्यावरनंच बाईंना औषधाचा संशय आला, आणि पुडीचं निघालं.

डॉक्टरीणबाईंनी पुडीचा कागद मागवून घेतला आणि वाचला. "ह्यात दुखणं मारायचं औषध आहे, आणि कॅफिन आहे. कॅफिन म्हणजे कॉफीत असतं ते."

लग्नातली कॉफी परतवणारा मी!

"ह्याला मेडिकेशन ओव्हरयूज हेडेक म्हणतात. दुखण्याचं औषध रोज घेतलं की डोकं त्यालाच चटावतं. उतरलं की दुखतं, दुखलं की पुन्हा पुडी. अज्जा, असंच चाललं तर मूत्रपिंड जाईल."

मी होमिओपॅथीचं विचारलं. त्या म्हणाल्या, "साखरेच्या गोळीपेक्षा होमिओपॅथीनं मायग्रेनला जास्त गुण येतो, असा भरवशाचा पुरावा अजून मिळालेला नाही. बरं वाटतं, ते खोटं नसतं. पण दुखणं आपोआपबी कमीजास्त होतं, आणि विश्वासानंबी हलकं होतं."

पुडी बंद केली. हे कुणी आपल्या मनानं करू नका. मला दवाखान्यात ठेवून केलं, बदली औषध दिलं. तरी पहिले दिवस असे गेले, की भिंतीवर डोकं आपटावंसं वाटायचं. पुडी दे म्हणून मी बायकोवर ओरडलो. ती उठून गेली नाही. कपाळावर ओला पंचा ठेवत राहिली आणि म्हणाली, "शिव्या द्या, पुडी मिळायची न्हाय."

मग एका सकाळी उठलो, तर डोक्यात काहीच नव्हतं. मी दचकलो. डोकं असं रिकामं असतंय, हेच इसरलोतो. पुढच्या तपासणीत क्रिएटिनिन खाली आलं. अर्धशिशी अजून येते, पण कधीतरी, पावण्यागत.

त्यानंतर मी कॉलेजातल्या डॉक्टरांकडं गेलो आणि पुडीचं सांगितलं. ते उभेच राहिले. "आप्पा, मी विचारलं होतं की!"

"तुम्ही औषध इचारलंत. पुडी इचारली न्हाईसा."

ते कपाळाला हात लावून बसले. मग म्हणाले, "तुमची माहिती बाद करावी लागेल. आणि संशोधन संपलंय, म्हणून आता सांगायला हरकत नाही. तुम्हाला साखरेच्याच गोळ्या होत्या."

गावभर गुण सांगितला, तो साखरेचा! मी म्हटलं, "बाद करा. पण का बाद केलं, ते लिवा. आणि इथनं पुढं औषध इचारू नका, पुडी इचारा."

तेवढ्यात निपाणीकडची एक विडी वळणारी बाई डोकं धरून आत आली. डॉक्टरांनी माझ्याकडं एकदा बघितलं आणि तिला विचारलं, "आक्का, पुडी घेता?"

ती हसली. "व्हय की. पुडी कोण घेत न्हाय?"

मी खुर्ची सोडली आणि तिला म्हटलं, "बस आक्का, हितं बस. आता सगळं सांग."