‘रन’ची पानं आणि माझी थोरली जाऊ

माझी थोरली जाऊ शब्दकोशाच्या कचेरीत होती आणि आमच्या घरात नऊ वर्षं एक इंग्रजी क्रियापद मुक्कामाला होतं: ‘रन’. आपल्याला वाटतं, धावणं, झालं. तिच्या मते तो नुसता उंबरठा. नदी वाहते ते ‘रन’, नाक गळतं ते ‘रन’, धुताना कपड्याचा रंग जातो तेही ‘रन’. दुकान चालवतात, निवडणुकीला उभे राहतात, तिथेही हाच. मला सर्दी झाली की औषधाआधी ती माझ्या नाकावर वाक्य करायची. या बाईशी संसार करणाऱ्या भाऊजींना मी मनातल्या मनात हात जोडायचे.

तिची पद्धत सोपी आणि जीवघेणी होती. प्रत्येक वाक्याची एक चिठ्ठी, तिच्यावर पुस्तक, पान, साल. मूळ शब्द फार जुना, धावण्या-वाहण्याचा. बाकीचे अर्थ त्याला पुढे फुटत गेले. कोणता आधी, कोणता नंतर, हे चिठ्ठ्यांवरच्या सालांवरून ठरवायचं. अशा चार हजारांवर चिठ्ठ्या बुटांच्या खोक्यांत लावलेल्या, आणि खोक्यांना हात लावायची कोणाची छाती नव्हती.

नवव्या वर्षी मुख्य संपादक निवृत्त होणार होते. त्यांची खुर्ची हिलाच मिळणार, हे शिपायालासुद्धा ठाऊक होतं. ‘रन’ची पानं छापायला जायला चार दिवस उरले असताना ही एक जुनं पुस्तक सहज ताडून बघायला गेली. दुकान चालवण्याच्या अर्थाचं तिचं सगळ्यांत जुनं वाक्य त्यात नव्हतंच. पहिल्याच वर्षी, ग्रंथालय बंद होतं म्हणून, तिनं ते आठवणीतून लिहिलं होतं. उद्या बघू म्हणाली आणि विसरली. त्या एका सालावर पुढच्या सहा अर्थांचा क्रम उभा होता.

घरी येऊन तिनं सगळं सांगितलं. मी म्हटलं, कोण बघायला जातंय, झाकली मूठ सव्वा लाखाची. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी भांडी घासायला उठले.

सकाळी तिनं ती चिठ्ठी संपादकांच्या टेबलावर ठेवली. तेही म्हणाले, पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करू, आत्ता गाजावाजा कशाला.

“साहेब, कोश उघडणारा माणूस आपली चूक शोधायला बसत नाही,” ती म्हणाली. “तो विश्वासानं उघडतो. म्हणून चूक आपणच शोधायची.”

छपाई थांबली. एक चिठ्ठी खोटी निघाली की त्या माणसाच्या सगळ्या चिठ्ठ्या दुसऱ्यानं तपासायच्या, असा तिथला नियम. हिच्याच हाताखाली शिकलेली एक बाई सात महिने तपासत बसली आणि ही समोर बसून एकेक खोकं पुढे करत राहिली. दुसरी एकही चिठ्ठी चुकीची निघाली नाही. पण तोवर साहेब निवृत्त होऊन खुर्ची गेली होती, आणि गेली ती त्या तपासणाऱ्या बाईकडेच. मला जावेचा इतका राग आला की दोन दिवस मी तिच्याशी बोलले नाही. तिच्याइतकं सरळ माणूस मी दुसरं पाहिलं नाही, हे तिला सांगायला मला पुढे वर्ष लागलं.

नव्या संपादकबाई पहिल्या दिवशी खुर्चीत बसल्याच नाहीत. आपली सगळी खोकी त्यांनी स्वतः उचलून हिच्या टेबलावर आणून रचली.

“ताई, आता माझ्या तपासा,” त्या म्हणाल्या. “तुम्ही तपासल्यावरच मी तिथं बसेन.”