रुसलेलं लुगडं

ईशान आणि मुक्ता,

तुमच्या पणजीला आम्ही एकदा स्कॉटलंडमधल्या पेट्रोल पंपावर विसरून आलो होतो.

ही गोष्ट तुमच्या आईनं तुम्हाला सांगितलेली नाही, हे मला परवा कळलं. तुम्ही न्यूझीलंडमध्ये भाड्यानं ठरवलेल्या कॅम्परव्हॅनचा फोटो पाठवलात आणि खाली विचारलंत, 'आजी, तू कधी अशा गाडीत बसली आहेस का?' बसले आहे. बसले, झोपले, तिच्यात पिठलं शिजवलं आणि तिच्यातूनच सासूबाई हरवल्या. तुम्ही निघण्याआधी हे वाचलेलं बरं, म्हणून लगेच लिहायला घेतलं. (आई म्हणेल, आजी वाढवून सांगते. ती तेव्हा सात वर्षांची होती आणि निम्मा प्रवास झोपली होती. तिची साक्ष धरू नका.)

सत्तरचं दशक संपत आलं होतं. तुमच्या आबांचा धाकटा भाऊ वसंता ग्लासगोला इंजिनिअर होता. त्यानं आम्हा सगळ्यांची तिकिटं पाठवली आणि फिरायला एक व्हॅन भाड्यानं घेतली. बाहेरून आपल्या मेटाडोरएवढीच. आत दोन शेगड्या, घडीचं टेबल, उलगडली की पलंग होणारी बाकं, आणि सगळ्यात मागे झोपायची एक आडवी जागा, तिला स्वतंत्र मागचं दार. ही मानाची जागा सासूबाईंना दिली. त्यांना घरात सगळे 'माय' म्हणत.

माय काटोलजवळच्या शेतातून हलायला कधी तयार नसत. नागपूरला आमच्याकडे आल्या तरी दुसऱ्या दिवशी "संत्र्याच्या झाडांले कोन पाहीन?" म्हणून परत. त्यांना विलायतेला न्यायचा हट्ट माझा. निघताना मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, मला अंगणात थांबवलं.

"सूनबाई, तिले इंग्रजीचं अक्षर येत नाही. हरवली-गिरवली तं?"

"मी आहे ना मामंजी. जशा नेते तशा आणून देईन."

"तुमच्या भरवशावर देतो," मामंजी म्हणाले आणि आत गेले. जन्मात त्यांनी माझ्याशी एवढं लांबलचक बोलणं दुसऱ्यांदा केलं नाही.

माझ्या भरवशाला काही कमी नव्हतं. मी इंग्रजी घेऊन एम.ए. झालेली, आणि शिस्तीची तर अशी की व्हॅनमध्ये चमचे कुठल्या कप्प्यात आणि मोजे कुठल्या, हे मी पहिल्याच दिवशी सर्वांना पाठ करायला लावलं. दुसऱ्या दिवशी मोज्यांच्या कप्प्यात मायच्या ज्वारीच्या पिठाचा डबा होता आणि मोजे चमच्यांत. ते मी चालवून घेतलं. चौथ्या दिवशी मात्र लुगडं निघालं.

ते नऊवारी. आम्ही एका तळ्याकाठी तंबू-गाड्यांच्या तळावर उतरलो होतो. मायनं सकाळी लुगडं धुतलं आणि वाळत घातलं. त्याचं एक टोक आमच्या व्हॅनच्या आरशाला आणि दुसरं टोक शेजारच्या तंबूच्या खांबाला, कारण नऊवार कापडाला तेवढी जागा लागतेच. त्या तंबूतला लालबुंद गृहस्थ दाढी करायला बाहेर आला आणि तोंडाला साबण असताना सरळ लुगड्यात शिरला. तो बिचारा 'माफ करा' म्हणत मागे सरला. पुन्हा दुसऱ्या बाजूनं निघाला, पुन्हा लुगड्यात. तिथल्या लोकांना माफी मागायची फार सवय.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "माय, इथं असं चालत नाही. लोक काय म्हणतील?"

"काहून वं? लुगड्यानं कोनाचं घोडं मारलं?"

"घडी करून पिशवीत ठेवू या ना."

"ओलं?"

मी लुगडं काढलं. मायनं ते माझ्या हातातून घेतलं, व्हॅनमध्ये नेलं आणि आपल्या जागेसमोर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत बांधून टाकलं. पलीकडे माय, अलीकडे आम्ही, मधे थेंब थेंब गळणारं लुगडं.

आता आमच्या घरातली रुसण्याची पद्धत तुम्हाला सांगायला हवी. माय वर्षा-दोन वर्षांतून एकदा रुसायच्या. भिंतीकडे तोंड करायच्या, डोक्यावरून पदर ओढायच्या आणि कोणी काही विचारलं तरी हूं की चूं नाही. अशा वेळी त्यांच्या पदराला हात लावायचा नाही. बाहेरून एकेकानं मनधरणी करायची, आणि त्यांच्या मनाला येईल तेव्हा त्या पदर मागे सारायच्या. मामंजींनीसुद्धा तो पदर कधी ओढला नव्हता. लुगडं म्हणजे तर सबंधच्या सबंध पदर. त्याला कोण हात लावणार?

आम्ही निघालो. वाटेत एका आडगावच्या पंपावर पेट्रोल घेतलं. वसंता पैसे द्यायला गेला, आबा काच पुसत होते, मी चमचे लावत होते. तेवढ्यात माय मागचं दार उघडून खाली उतरल्या. पंपाच्या कुंपणापलीकडे एक म्हातारी बाई शेतात बटाटे काढत होती, आणि कोणी जमिनीतून काही काढत असेल आणि माय बघायला जाणार नाहीत, असं होणं शक्य नव्हतं. आम्हाला हे सगळं नंतर कळलं. तेव्हा आम्ही दारं लावली आणि निघालो.

थोडं पुढे गेल्यावर आबांना बाजूच्या आरशात दोन बायका दिसल्या. मळ्यात उभ्या राहून दोन्ही हात हलवत होत्या. थंडीमुळे मायनं वसंताचा ओव्हरकोट आणि कानटोपी घातलेली, त्यामुळे लांबून दोघी सारख्याच.

"इथली माणसं किती प्रेमळ आहेत बघा," मी म्हटलं आणि खिडकीतून हात काढून मीही भरभरून हलवला.

मग सुरू झाली मनधरणी. पहिला मान थोरल्या मुलाचा. आबा लुगड्यासमोर बसले. "माय, चहा घेतं का?" उत्तर नाही. "माय, त्या पाह्य कशा मेंढ्या! तुले आवडतात ना?" उत्तर नाही. मग वसंता गाडी चालवता चालवता ओरडला, "माय, तुले लोकरीची शाल घेऊन देतो. भारीतली." लुगडं जरासं हललं. (वळण होतं.)

"हललं," आबा कुजबुजले. "शाल लागू पडून राहिली. आता तू बोल."

मी बोलायचं म्हणजे काय, हे मला ठाऊक होतं. मी आधी मायची स्तुती केली. त्यांच्यासारखी भाकरी सबंध काटोल तालुक्यात कोणाला जमत नाही, त्यांच्या हाताचं लोणचं नसतं तर मी या देशात उपाशी मेले असते, असं मोठ्यानं सांगितलं. लुगडं गप्प. मग मी माघार घ्यायला लागले. पिठाचा डबा मोज्यांच्या कप्प्यात राहू द्या, म्हटलं. गप्प. उद्यापासून लुगडं वाटेल तिथं वाळत घाला, म्हटलं. गप्प. राणीच्या राजवाड्यावर घाला, मी स्वतः टोक धरून उभी राहीन, म्हटलं. तरी गप्प. शेवटी मी, इंग्रजी घेऊन एम.ए., त्या ओल्या लुगड्यासमोर गुडघे टेकले आणि म्हटलं, "माय, चुकलं माझं. मला काही कळत नाही. तुम्ही मोठ्या."

"एवढं तं तू मलेही कधी म्हटलं नाहीस," आबा म्हणाले.

याच क्षणी रस्त्यावर मेंढ्या आल्या. वसंतानं करकचून ब्रेक लावला, गाठ सुटली आणि लुगडं माझ्या डोक्यावर पडलं. मी ते बाजूला सारलं. पलीकडे एक उशी होती, मायची पानसुपारीची चंची होती. माय नव्हत्या.

तुमच्या आईनं विचारलं, "आपण हात कोणाला केला होता?"

वसंतानं व्हॅन वळवली. तो रस्ता इतका अरुंद की समोरून गाडी आली तर एकानं बाजूच्या मोकळ्या तुकड्यात थांबायचं. अर्ध्या वाटेत समोरून एक बटाट्यांचा ट्रक हॉर्न वाजवत, दिव्यांची उघडझाप करत आला. "घाईत दिसतो," वसंता म्हणाला आणि शहाण्यासारखा बाजूला झाला. ट्रकवाल्यानं हात केला. अडचणीतही रीत सुटू नये म्हणून मीही केला. ट्रक निघून गेला.

पंपावर माय नव्हत्या. मळ्यात अर्धवट भरलेली टोपली होती, ती म्हातारीही नव्हती. पंपावरचा माणूस धावत आला आणि हातवारे करत पुष्कळ काही बोलला. मी लक्ष देऊन ऐकलं आणि वसंताला विचारलं, "हा कोणती भाषा बोलतोय?"

"इंग्रजी, वहिनी."

मग वसंतानं मला ते इंग्रजी मराठीत सांगितलं. त्या म्हातारीचा नवरा ट्रक घेऊन आला, आणि मायंना मधे बसवून तिघं आमच्या मागे गेले. म्हणजे तो हॉर्न आमच्यासाठी होता.

"आता पुन्हा मागे जायचं?" मी विचारलं.

"नाही," वसंता म्हणाला. "आपण गेलो की ते इकडे येणार. कोणीतरी एका जागी थांबलं पाहिजे."

तर आम्ही थांबलो. आबा मळ्याच्या कडेला बांधावर बसले आणि रस्त्याकडे बघत राहिले. मला एका शब्दानं काही म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर बरं झालं असतं. मायचा पासपोर्ट माझ्या पर्समध्ये होता. मी तो उघडत होते आणि मिटत होते. फोटोत माय माझ्याकडे अगदी तशाच बघत होत्या, जशा सकाळी बघत होत्या. परक्या देशात, जवळ कागद नाही, पैसा नाही, चंचीसुद्धा आमच्याकडे. मामंजींना तार करायची वेळ आली तर ती मला कोणत्या शब्दांत लिहिता येईल, हे मी ठरवून पाहत होते. इतकं इंग्रजी शिकले, पण एक वाक्य जुळेना.

बऱ्याच वेळानं ट्रक आला. पुढच्या सीटवर, ट्रकवाला आणि त्याच्या बायकोच्या मधोमध, कानटोपी घातलेल्या माय. आबा उठून धावलेच. माय सावकाश उतरल्या. त्या बाईनं त्यांची ओटी बटाट्यांनी भरली होती, म्हणून त्यांना दोन्ही हातांनी कोट धरावा लागत होता.

आबांनी त्यांना मिठी मारली, तसे निम्मे बटाटे खाली सांडले.

"रडतो काहून गा? मले काय झालं? वेच ते बटाटे." मग माय माझ्याकडे वळल्या. "आन् तू वं? मी मळ्यातून बोंबलून राहिली, तं तू हात हलवते. ट्रकमधून काच बडवून राहिली, तं तू हात हलवते. आपन का राजाची रानी हाव?"

आबाच बटाटे वेचता वेचता म्हणाले, "माय, तिनं तुही माफी मागितली. लय मागितली."

"कवा?"

"गाडीत. लुगड्याजवळ."

मायनं कोट सावरला. "मंग लुगड्यानं देल्ली असंन माफी. म्या कुठं ऐकली?"

आणि त्या पंपावर, ट्रकवाला, त्याची बायको, पंपवाला आणि पेट्रोल घ्यायला थांबलेलं एक अनोळखी कुटुंब यांच्यादेखत, मला ती सबंध माफी पहिल्यापासून पुन्हा मागावी लागली. भाकरी, लोणचं, पिठाचा डबा, सगळं. मी शेवटाकडे आले, तर वसंता मागून म्हणाला, "वहिनी, राजवाड्याचं राहिलं." तेही म्हटलं. अनोळखी कुटुंबातल्या गृहस्थानं हळूच टोपी काढली. त्याला बहुधा ती प्रार्थना वाटली.

"बरं, ऊठ," माय म्हणाल्या. "भूक लागली मले."

व्हॅनमध्ये बटाट्याचा रस्सा आणि भाकरी खाता खाता त्यांनी घरासाठी नवा नियम केला. "आजपासून जो रुसंन, त्यानं बोलाचं नाही, पन मधे मधे खोकाचं. म्हंजे मानूस हाय का गेलं, हे तरी समजते."

मामंजींना मी माय परत आणून दिल्या. त्यांनी फक्त "आली?" एवढंच विचारलं. मायनं त्यांना सगळं सांगितलं की नाही, मला शेवटपर्यंत कळलं नाही. त्या दिवसापासून मामंजी मात्र मी अंगणातून जाताना दिसले की हात हलवायला लागले.

माय जाऊन पुष्कळ वर्षं झाली. काटोलची बाग विकली, वसंताही परत आला नाही. गेल्या दिवाळीत तुमचा फोन पाडव्याच्या दिवशी न येता भाऊबीजेला आला, तेव्हा मी रुसले होते. नियमाप्रमाणे एक शब्द न बोलता फोनवर खोकत राहिले. तुमच्या आईनं तिकडे बसून इथल्या, नागपुरातल्या धंतोलीच्या डॉक्टरांची वेळ ठरवली. आबांनी मला रिक्षात घालून नेलं. छातीचा फोटो काढला, रक्त घेतलं, चाटण लिहून दिलं. छाती स्वच्छ निघाली. रुसवा कोणाच्याच लक्षात आला नाही.

नियम मात्र आमच्या घरात अजून चालू आहे.