वाळूची पिशवी आणि वहिनींची तुती

ती पडदे शिवायची, म्हणून अख्खी गल्ली तिला पडदेवाली आत्या म्हणायची. पण तिचा जीव अडकला होता कॅमेऱ्यात. जरा सवड मिळाली की बाई कॅमेरा गळ्यात अडकवून भटकायला निघालीच म्हणून समजा. फोटो मात्र असे यायचे, की घरची मंडळी विचारायची, "आत्या, हे डोंगर पळत होते का गं?"

एरवी तिने हसून सोडून दिलं असतं. पण यंदा काम वहिनींचं होतं. वहिनी नदीपलीकडच्या दवाखान्यात उभी हयात नर्स होत्या, आणि त्याच्या दारात त्यांनी स्वतःच्या हाताने तुतीचं रोप लावलं होतं. पुढे पूल वाहून गेला, दवाखान्याला कुलूप लागलं आणि वहिनींच्या गुडघ्यांनी संप पुकारला. अलीकडच्या डोंगराच्या वळणावरून दवाखाना दिसायचा, पण एवढासा ठिपका. वहिनींचं एकच मागणं होतं. "माझी तुती आहे की गेली, तेवढं बघून सांग गं बाई."

आत्याने लांबचं जवळ आणणारी लेन्स घेतली. हातात धरून फोटो काढला, तर नुसता हिरवा चिखल! एवढ्या लांबच्या लेन्सला श्वास घेतलेलाही खपत नाही. मग ट्रायपॉड आणला, दुकानदाराच्या शब्दांत 'पिसासारखा हलका'. वळणावरच्या वाऱ्यात तो लटलट कापायला लागला. आत्याने डोकं लढवलं आणि त्याच्या मधल्या हुकाला आपली शिवणाची पिशवी टांगली, कात्र्यांसकट. वजन आलं म्हणून बाई खूश. पिशवी मस्त झोके घेऊ लागली आणि फोटोत दवाखाने दोन आले. मग इरेला पेटून तिने असा भक्कम ट्रायपॉड घेतला, की समोरची चढण बघून तो बसमधून उतरवलाच नाही, तसाच घरी परत आणला.

"तुझ्या त्या तंगड्यांपायी घरात पाय ठेवायला जागा नाही राहिली," वहिनी कडाडल्या. "पुरे कर आता. गेली असेल तुती." आणि तोंड फिरवून बसल्या.

दुसऱ्या दिवशी ती एका खिडकीच्या पडद्याला तळाची पट्टी शिवत होती. पडदा वाऱ्याने उडू नये म्हणून त्या पट्टीत ती नेहमी वजनाची साखळी भरायची. शिवता शिवता मशीन थांबलं. अगं माझे आई! वजन टांगायचं कशाला? बसवायचं! तिने उरलेल्या जाड अस्तराची उशीएवढी पिशवी शिवली, तोंडाला चेन लावली आणि रिकामीच घडी करून खांद्यावरच्या झोळीत टाकली. ओझं म्हणाल तर रुमालाएवढं.

वळणावर पोचल्यावर रस्त्याकडेची वाळू तिने ओंजळीने पिशवीत भरली आणि पिशवी दगडी कठड्यावर ठेवली. लेन्स तिच्यात अशी रुतून बसली, की वाऱ्याने काय वाटेल ते करावं. बटण दाबल्यावर कॅमेरा थोडा थांबून फोटो काढेल, असं लावून तिने दोन्ही हात पाठीमागे बांधले. खट्! कॅमेऱ्याच्या पडद्यावर चित्र मोठं करून बघितलं आणि बाई भर रस्त्यात ओरडली, "जमलं रे जमलं!" वाटेवरची माणसं वळून बघायला लागली. बघू देत.

घरी फोटो टीव्हीवर लावला. दवाखान्याच्या भिंतीवरचा पोपडा न् पोपडा दिसत होता. आणि दारात छपराच्या वर गेलेली, डेरेदार तुती! वहिनी गुडघे विसरून उठल्या आणि टीव्हीला नाक लावून उभ्या राहिल्या. डोळे पुसले. पण सासूबाईंच्या तालमीत तयार झालेल्या त्या, खोट काढल्याशिवाय राहतायत होय! खालच्या फांदीवर बोट ठेवून म्हणाल्या, "हे बघ, इथे हललाच तुझा फोटो."

"नाही वहिनी." आत्याला हसू आवरेना. "फोटो नाही हलला. फांदीला झोपाळा बांधलाय. कुणीतरी जोरात झोका घेतंय तुमच्या तुतीवर."