मागचं डावं दार

मामा गाडी चालवताना तोंड उघडं ठेवत असे. नवख्या उतारूंना वाटे, हा आता गाणं म्हणणार. मामाचं म्हणणं असं, की तोंड मिटलं की धक्क्याला आपलेच दात वाजतात, मग दार कुठलं वाजतंय ते कळायचं कसं?

ही लढाईच्या दिवसांतली गोष्ट. मामानं एका निवृत्त अंमलदाराची जुनी मोटार घेतली होती आणि ती तो सातारा ते महाबळेश्वर भाड्यानं चालवी. इंजिन बैलासारखं इमानी. दारं मात्र चारी खिळखिळी. गावानं त्याचं आडनाव बदलून खडखडे करून टाकलं, आणि त्या नावानं हाक आली तरी तो बिनतक्रार ओ देई. माझी आई त्याची थोरली बहीण. त्यानं लग्न केलं नव्हतं, त्यामुळे दुपारचं जेवण आमच्याकडे. "तू पोवई नाक्याला वळलास की मी भात टाकते," आई म्हणे. "तू हातपाय धुऊन पाटावर बसेस्तोवर शिजतो." मामाला हे लागे. जगानं नावं ठेवली तरी चालतील, पण ताईनं एकदा तरी म्हणावं, कधी आलास रे, कळलंच नाही! एवढ्यासाठी तो त्या दारांच्या मागं लागला होता.

मी शाळेत मराठी शिकवत होतो. सुटीच्या दिवशी मामा मला मागं बसवून मेढ्याच्या रस्त्यानं नेई आणि आवाजांची नावं विचारी. "आवाजाचं नाव कळलं की त्याचं घर सापडतं," हा त्याचा सिद्धान्त. खुळखुळ म्हणजे दाराच्या पोटात काहीतरी सुटं पडलंय. कुरकुर म्हणजे लाकडाला लाकूड घासतंय. भणभण म्हणजे पत्राच थरथरतोय. औषधंही ठरलेली होती: खडखडीला चिंधी, कुरकुरीला मेण, भणभणीला डांबर. दाराची आतली फळी काढून तो पत्र्याला आतून डांबर फासत असे आणि त्यावर गोणपाटाचे तुकडे दाबून बसवी. मग टिचकी मारून बघे. आधी ताशासारखा बोलणारा पत्रा आता फुटक्या मडक्यासारखा बद्द वाजे, आणि मामाच्या तोंडावर असं समाधान पसरे, की जणू एखाद्या भांडखोर शेजाऱ्याला त्यानं गप्प केलंय.

पुढं त्याला डांबरावर जेन हवं झालं. जेन म्हणजे मेंढीची लोकर दाबून केलेलं जाड अंथरूण. रहिमतपूरच्या बाजारात माणदेशाकडचा एक धनगर ते घेऊन बसला होता. कुणाला अंथरायला, असं त्यानं विचारलं.

"दाराला," मामा म्हणाला. "फार वाजतं."

"वाजणारच की," धनगर म्हणाला. "औंदा थंडी लय हाय."

मामा हा किस्सा वर्षभर सांगत होता, आणि दर वेळी धनगराइतक्याच गंभीर चेहऱ्यानं.

जेन मिळाल्यावर त्याला तोल राहिला नाही. दारं त्यानं खालपासून वरपर्यंत ठासून भरली; तळाशी पाणी निथळून जायला ठेवलेली भोकंसुद्धा बुजवली. खडखड गेली. पण सीझन संपता संपता महाबळेश्वरला पावसानं गाठलं, आणि परत येताना मागून नवाच आवाज येऊ लागला. "मामा, ही खळखळ आहे," मी म्हणालो. साताऱ्यात एका वकीलसाहेबांनी उतरायला दार ढकललं, तेव्हा तळाचं जेन सुटलं आणि दाराच्या पोटातलं सगळं पाणी त्यांच्या बुटांवर आलं. मामा शांतपणे म्हणाला, "पाहुण्याला पाय धुवायला पाणी द्यायची आपल्याकडे रीतच आहे." भिजलेल्या लोकरीला मात्र असा काही वास सुटला, की मागच्या दोन्ही दारांतलं जेन काढून फेकावं लागलं.

त्याच पावसाळ्यात परसात आईच्या पायात गंजका खिळा गेला. तिनं हळद दाबली आणि विसरून गेली. काही दिवसांनी तिचा जबडा आखडला. डॉक्टर म्हणाले, धनुर्वात आहे, मिरजेच्या दवाखान्यात न्या. पण आवाज नको, उजेड नको, धक्का नको. जरा भांडं वाजलं तरी तिचं अंग धनुष्यासारखं ताठ होई, आणि अशाच एखाद्या झटक्यात श्वास थांबण्याची भीती होती.

मामा गाडी घेऊन गावाबाहेरच्या शेडमध्ये गेला. ठोकाठोक आईच्या कानावर पडायला नको होती. मी त्याच्या मदतीला. जेन उरलं नव्हतं, तर त्यानं स्वतःच्या अंथरुणातलं ओढून काढलं आणि कापलं. दाराच्या कडांना जुन्या ट्यूबच्या पट्ट्या, कडीला चिंधी, काचेच्या फटीत लोकर. तळाची भोकं मात्र बोटानं चाचपून मोकळी ठेवली.

काम आटोपत आल्यावर मी पुढं घरी येऊन आईजवळ बसलो. गाडी आमच्या दाराशी कधी येऊन उभी राहिली, मला कळलंच नाही. जिनं हे म्हणावं म्हणून त्याची सारी खटपट, तिची दातखीळ बसलेली होती.

खिडक्यांना काळी लुगडी लावून आईला मागं निजवलं. मी खाली बसलो, हात दाराला टेकवून. मामानं हॉर्नला हात लावला नाही. कराडच्या पुढं अरुंद रस्त्यावर एक बैलगाडी समोर आली. बैलांच्या गळ्यांत घुंगरमाळा. मामा उतरून गाडीवानाशी हळू काहीतरी बोलला. गाडीवानानं लुगड्याच्या फटीतून आत पाहिलं. "जावा तुमी," तो म्हणाला. "म्या धरतो." आम्ही पार पुढं जाईपर्यंत त्यानं दोन्ही माळा मुठींत आवळून धरल्या होत्या.

साऱ्या वाटेत आई एकदाच ताठ झाली, आष्ट्याजवळ, रस्त्याकडेची टिटवी ओरडली तेव्हा. तिला दवाखान्यात आत नेल्यावर मामा गाडीच्या पायरीवर बसला आणि रडला.

"टिटवीला जेन कुठं लावू रं?" म्हणाला.

आई वाचली. बऱ्याच दिवसांनी त्याच गाडीतून घरी आली. दुसऱ्या दिवशी मामा जेवायला आला तर ती ओसरीवर तांदूळ निवडत बसलेली.

"कधी आलास रे? कळलंच नाही," ती म्हणाली. मामाचा चेहरा फुलला. तेवढ्यात तिनं विचारलं, "मग आता मी भात कधी टाकायचा?"

त्या दुपारी भात शिजेपर्यंत मामा पाटावर ताटकळला. पुढच्या खेपेला मी मागं बसलो होतो. "मामा, डाव्या दाराची चिंधी सुटली वाटतं. खडखड येतेय."

"सुटली नाही, काढली," मामा म्हणाला. "आणि खडखड नव्हे ती. भाताची वर्दी आहे."

उतारूंनी कुरकुर केली, पण ते दार अखेरपर्यंत तसंच राहिलं.

गेल्या माघात थोड्याशा तापाचं निमित्त होऊन मामा गेला. गाडी लोणंदच्या एका कांद्याच्या व्यापाऱ्यानं घेतली. मागचं डावं दार दुरुस्त करून द्या, असं तो म्हणत होता. त्या दारात काही बिघाड नाही, असं आईनं त्याला सांगितलं.

परवा दुपारी मी वाचत बसलो होतो. नाक्याच्या बाजूनं ती खडखड आली. आई उठली, तांदूळ धुतले आणि भात टाकला. गाडी आमच्या घरावरून पुढं गेली. आवाज बारीक होत होत थांबला. मी पुस्तकातून मान वर केली नाही. भात झाल्यावर आईनं दोन पानं घेतली आणि पातेल्यावर झाकण ठेवत म्हणाली,

"कुठंतरी जेवून आला असेल."