रापणीवर अथेन्स आणि स्पार्टा

रापणीचा, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या लांबलचक जाळ्याचा, दोर ओढायला मी उभा राहिलो की माझ्या पुढचा आणि मागचा, दोघंही थोडा जास्त जोर लावतात. माझ्या वाटणीचा भारही त्यांनाच ओढायचा असतो. हे मला कुणी तोंडावर सांगितलेलं नाही, पण पन्नाशीला आलेल्या माणसाला स्वतःबद्दलच्या काही गोष्टी न सांगता कळतात. नोकरी मालवणात कचेरीत, घर तारकर्लीच्या वाटेवर किनाऱ्याला लागून, आणि थोरला भाऊ रापणीचा तांडेल, म्हणजे ज्याच्या शब्दावर होडी निघते आणि दोर ओढला जातो तो. त्यामुळे सुटीच्या दिवशी पुळणीवर जायचं, दोराला हात लावायचा आणि वाट्याचे बांगडे घेऊन घरी यायचं, एवढाच माझा मासेमारीशी संबंध. बदल्यात मी गोष्टी सांगतो, आमच्याकडे त्यांना गजाली म्हणतात.

त्याला वेळही भरपूर मिळतो. होडी जाळं टाकत अर्धगोल फिरून परत येईपर्यंत किनाऱ्यावरच्यांना बसून राहण्याखेरीज काम नसतं. मग जाळ्याची दोन टोकं दोन बाजूंनी ओढत माणसं हळूहळू एकमेकांकडे सरकतात. दोन्हीकडचा जोर सारखा हवा, नाहीतर जाळं तिरकं येतं आणि मासळी बगलेतून निसटते.

हा सारखा जोरच काही वर्षांपासून जमेना. तरणी मुलं पर्यटकांना पाण्याखाली नेऊन मासे दाखवतात. पकडण्यापेक्षा दाखवण्यात जास्त मिळतं, यात त्यांची काय चूक. दादाकडे दोराला पंधराएक माणसं उरली, तीही मला धरून, म्हणजे खरं तर चौदाच. एका दुपारी जेवताना दादा म्हणाला, "औंदा माणसां नाय मिळाली तर रापण बंद. जाळां इकून टाकतलंय."

आमच्या पणजोबांपासूनची रापण. वहिनीच्या हातातली पळी तशीच राहिली.

उपाय शेजारच्या वाडीत होता. तिथे माझ्या बायकोच्या भावाची रापण, आमच्याहून लहान, तीही माणसांवाचून अडलेली. पण एका सकाळी दोन्ही रापणी एकाच थव्यामागे पडल्या होत्या, जाळी एकमेकांत गुंतली, फाडून सोडवावी लागली, आणि त्या दिवसापासून दोन वाड्यांचं बोलणं बंद. त्याला बारा वर्षं झाली. माझं लग्न त्याआधी झालं म्हणून झालं. दोन्हीकडे जेवायला जाणारी माणसं दोनच उरली, मी आणि बायको.

एकत्र यायला दोन्ही तांडेल मनातून तयार होते, हे दोन्हीकडच्या जेवणात मला कळत होतं. अडलं होतं ते मुख्य तांडेल कोण यावर. जाळं दादाचं मोठं, माणसं दादाची जास्त. पण दादाच्या हुकमावर दोर ओढायला ती वाडी तयार नव्हती.

नेमकं त्याच सुमारास मी वाचनालयातून ग्रीकांच्या लढायांवरचं एक जाडजूड पुस्तक आणलं होतं. रविवारी पुळणीवर बसून सुरुवात केली. इराणचा बादशहा अफाट सैन्य घेऊन ग्रीसवर चालून आला. ग्रीस म्हणजे काही एक राज्य नव्हे, शेकडो लहान लहान नगरं, आणि प्रत्येकाचं शेजाऱ्याशी वाकडं.

"आमच्या तालुक्यासारख्या," दोरावरचा एक म्हातारा म्हणाला.

अथेन्सवाल्यांनी शहर सोडलं, बायकामुलं पलीकडे पाठवली आणि पुरुष गलबतांवर चढले. मागे शहर जळत होतं. ग्रीकांच्या आरमारातली जवळजवळ निम्मी गलबतं एकट्या अथेन्सची. तरी बाकीचे म्हणाले, अथेन्सच्या सरदाराखाली आम्ही लढणार नाही, स्पार्टाचा चालेल. आणि स्पार्टाची गलबतं तर मूठभर.

"मगे?" दादाने विचारलं. दादा सहसा विचारत नाही.

"मग काय, अथेन्सवाल्यांनी मुकाट्याने मान स्पार्टाला दिला. आधी ग्रीस वाचू दे, मानाचं मागाहून बघू, असं ठरवलं. आणि सालामिस नावाच्या बेटापाशी, चिंचोळ्या पाण्यात, इराण्यांची एवढी मोठाली गलबतं अशी कोंडली की मागची पुढच्यांवर आपटायला लागली."

दादा उठून दोराकडे गेला. संध्याकाळी तो चालत त्या वाडीत गेला आणि अंगणातूनच माझ्या मेव्हण्याला म्हणाला, "तांडेल तू हो. माणसां दोगांची."

पुढचा महिना घरात मला सहन करणं अवघड होतं, असं बायकोचं मत आहे. दोन वाड्यांचा तह माझ्यामुळे झाला हे मी पोस्टमनपासून दुधवाल्यापर्यंत सर्वांना सांगून आलो. "भाजी आणतास, काय अजून कोणाचो तह करूचो आसा?" असं ती पिशवी पुढे करून विचारायची. पण रापण भरत होती. एका टोकाला ती वाडी, दुसऱ्याला आम्ही, आणि मधे चांगले तकतकीत बांगडे. दादाच्या डोक्यात पुढची बेरीजही सुरू झाली. दोन्ही जाळी कायमची शिवून एक करायची, ती आमच्या मांगरात, घराशेजारच्या खोपटात ठेवायची, आणि एकच होडी पुरते तर मेव्हण्याची धाकटी होडी विकून टाकायची. मेव्हणा "बगूया" म्हणाला होता.

अशा वेळी शहाणा माणूस गप्प बसतो. मी पुस्तकाच्या पुढच्या भागावर आलो होतो.

"इराणी परत येतील ही भीती होतीच," मी सांगत होतो. "म्हणून अथेन्सने बेटांची युती केली. प्रत्येकाने गलबतं द्यायची. हळूहळू काही बेटांना कंटाळा आला. अथेन्स म्हणालं, गलबतं नकोत, माणसंही नकोत, नुसते पैसे द्या, बाकीचं आम्ही बघतो. त्या पैशांत अथेन्सने स्वतःचं आरमार वाढवलं. पुढे नाक्सोस बेट म्हणालं, आम्हाला युतीतून बाहेर पडायचंय. तर अथेन्सने त्याला वेढा घालून गुडघे टेकायला लावले."

दादा लांबून हात हलवत होता. होडी वळली असं सांगत असेल, असं मला वाटलं.

मेव्हण्याने दोराचा पीळ बघत विचारलं, "भावोजी, त्या बारक्या बेटांची स्वताची गलबतां खंय गेली?"

"उरलीच नव्हती त्यांच्याकडे."

"हां," तो म्हणाला.

त्या दिवशी दोर ओढताना कुणी कुणाला हाळी दिली नाही. पुढच्या रविवारी आम्ही पुळणीवर गेलो तेव्हा दुसऱ्या टोकाला कोणी नव्हतं. त्या वाडीची होडीही जागेवर नव्हती.

"सालामिसाक थांबूक तुका काय झाला होता?" दादा म्हणाला.

"अरे दादा, इतिहास आहे तो. असा मधेच कसा थांबवणार?"

"एष्टी सुदां थांबता मेल्या."

मग त्याने सुकं जाळं मांगरातून बाहेर काढलं, पसरलं आणि कुठे कुठे फाटलंय ते बघायला लागला. विकायची वस्तू माणूस जशी बघतो तसं. मला तिथे उभं राहवेना.

मी मेव्हण्याच्या घरी निघालो. वाटेत मी ग्रीसचा इतिहास दुरुस्त करत होतो. माझ्या नव्या आवृत्तीत अथेन्सने नाक्सोसची माफी मागितली, गलबतं परत केली आणि वर एक नारळ दिला. माडांच्या बागेत पोचेपर्यंत ती मला खरीही वाटू लागली होती.

मेव्हणा अंगणात होता. होडी उलटी घातलेली, आणि तो आणि आणखी दोघं फळ्यांना तेल देत होते.

"बसा भावोजी. बरा झाला इलास. नाक्सोसवाल्यांची चूक खंय झाली तां सांगा."

मी "अथेन्सने मग" एवढं म्हणालो आणि तो नारळ तिथेच सोडून दिला. तो माणूस खरोखर विचारत होता. त्याच्या वाडीच्या पोटापाण्याचा प्रश्न तो मला विचारत होता, आणि इतकी वर्षं गजाली सांगून मला असा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

"त्यांनी गलबतं सोडली, ती चूक," मी म्हणालो. "युती केली ती नव्हे. युती नसती तर इराण्यांनी सगळ्यांनाच खाल्लं असतं. पण स्वतःचं वल्हं हातातून गेलं, आणि मग त्यांना कोणी विचारेना."

"माकाय तसाच वाटला," तो म्हणाला. "दादा फसवतलो असा माका वाटणा नाय. दादा बरो माणूस. पण दादाच्या मागसून कोण येतलो, तां दादाक तरी म्हायत आसा?" त्याने हात पुसले. "दादाक सांगा, होडी आमी इकूचव नाय. तिका तेल देवचा होता म्हणून आज इलव नाय. आमचां जाळां आमच्या मांगरात. रोज सकाळी दोनय जाळी जोडूची, काम झाला की सोडवूची. आनि तांडेल एक वर्स मी, एक वर्स दादा."

दादाने ते सगळं ऐकून घेतलं. तो रागावला नाही, नुसता हिरमुसला. ती होडी बळकवावी असं त्याच्या मनात नव्हतंच, म्हणून त्याला जास्त लागलं. फाटक्या जाळ्याचे डोळे बोटांनी मोजत तो हिशेब करू लागला.

"रोज जोडूचां, रोज सोडवूचां. अर्धो तास जातलो," तो म्हणाला.

"बारा वर्सां गेली, थंय अर्ध्या तासाचा काय घेवन बसलास," वहिनी चुलीपाशी बसूनच म्हणाली.

दादाने जाळं गोळा केलं आणि परत मांगरात नेऊन ठेवलं.

आता या गोष्टीला तिसरं वर्ष. यंदा तांडेल पुन्हा मेव्हणा आहे, गेल्या वर्षी दादा होता, आणि दोघंही आपापल्या वर्षी सारखेच ओरडतात. अथेन्स आणि स्पार्टा पुढे सत्तावीस वर्षं एकमेकांशी लढले आणि शेवटी स्पार्टाने चक्क इराणच्याच पैशांनी आरमार उभारून अथेन्सला हरवलं, हेही मी सांगून मोकळा झालो. कोणी हात हलवला नाही. त्या म्हाताऱ्याने मात्र दोन दिवस त्याचाच विचार केला आणि तिसऱ्या दिवशी म्हणाला, "इराणी हुशार. घरी बसून जिकले."

रोज सकाळी पुळणीवर दोन जाळी शेजारी शेजारी पसरतात. जोडावर एका बाजूने दादा बसतो, दुसऱ्या बाजूने मेव्हणा, आणि दोघं मिळून जाळ्याचा एकेक डोळा गाठीने जोडत जातात. कधीकधी त्याच अर्ध्या तासात समोरून बांगड्यांचा थवा जातो. पाणी काळं होऊन सरकताना इथूनही दिसतं. कोणीतरी घाई करा म्हणतं. दादा मान वर करून थव्याकडे बघतो, "जांव दी" म्हणतो, आणि पुढची गाठ मारतो.