आम्ही नुसते सहप्रवासी नव्हतो

किशोर गेल्याची बातमी मला व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर कळली. ‘बदामी-हंपी मित्रपरिवार’ असं त्या ग्रुपचं नाव, एका बससहलीत जमलेल्या लोकांचा. सकाळी सुप्रभातची फुलं, दुपारी गुडघेदुखीवरचे उपाय, आणि त्या दिवशी या दोन्हींच्या मध्ये सबनीसांचा मजकूर : ‘आपले सहप्रवासी किशोर यांचे काल कामावर असताना हृदयविकाराने निधन झाले. वय अवघे पन्नास.’ खाली हात जोडणाऱ्यांची रांग लागली. आमच्याबद्दल त्या बसमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं, त्यातल्या बऱ्याच जणांनी ते चवीने चघळलंही होतं; पण मला एक फोन करावा, असं कुणालाही वाटलं नाही. मी हात जोडले नाहीत. गॅस बंद केला आणि किशोरच्याच नंबरवर फोन लावला. तो उचलला त्याच्या धाकट्या बहिणीने, वंदनाने. ती वाशीमहून रातोरात धायरीला त्याच्या घरी पोचली होती. “मॅडमच नं तुमी?” तिने विचारलं. मी हो म्हटलं. सकाळीच सगळं उरकलं होतं. “तेराव्याले या,” एवढं म्हणून तिने फोन ठेवला.

माझा मुलगा सौरभ वाघोलीला राहतो. रविवारी तो आला, तेव्हा मी तेराव्याला जाणार असल्याचं त्याला सांगितलं. त्याने चष्मा काढून पुसला. अवघड विषय निघाला की त्याचे वडीलही हेच करायचे. “जा ना, पण कोण म्हणून जाणार आहेस, आई? त्यांच्या घरच्यांना ऑकवर्ड नाही का होणार?” मग समजूत घालायला म्हणून तो म्हणाला, “एका अर्थी बरंच झालं, तुम्ही ऑफिशियली काही केलं नव्हतंत. नाहीतर तू परत...” पुढचा शब्द त्याला उच्चारवेना. “परत विधवा झाले असते,” मी म्हटलं. “झालेच आहे. त्यासाठी ऑफिशियल काही लागत नाही.” तो वाईट मुलगा नाही. पण त्याचा तो ‘कोण म्हणून’ माझ्या डोक्यातून जाईना. उत्तर मला ठाऊक होतं, ते ऐकून घ्यायला कुणी तयार नव्हतं इतकंच. म्हणून ते इथे, सगळ्यांसमोर लिहिते आहे.

खडकीच्या एका शाळेत मी आयुष्यभर भूगोल शिकवला. तुंगभद्रा फळ्यावर निळ्या खडूने किती वेळा काढली असेन, प्रत्यक्षात कधी पाहिली नव्हती. माझे पती जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्या दिवाळीत सौरभ बायकोच्या माहेरच्यांबरोबर थायलंडला निघाला आणि आई एकटी राहील म्हणून त्यानेच मला बसच्या सहलीत बसवून दिलं. हे तो हल्ली सोयीस्कर विसरतो. पुण्याच्या सहलींमध्ये पुढच्या सीटवरून भांडणं होतात, त्यामुळे नियम कडक. रोज सकाळी सगळ्यांनी दोन रांगा पुढे सरकायचं, पुढच्यांनी मागे जायचं. एकट्या बायकांना एकत्र बसवायचं, हाही नियमच. पण माझ्या शेजारच्या बाईंना बस लागायची, त्यांना कायमची पुढची जागा द्यावी लागली आणि मी जाऊन पोचले सहलीतल्या एकमेव एकट्या पुरुषाशेजारी. नऱ्ह्याच्या एका वर्कशॉपमध्ये सुपरवायझर, वय सत्तेचाळीस, बहिणींची लग्नं लावता लावता स्वतःचं राहून गेलेलं. मी तेव्हा बासष्टची. “खिडकी तुमची, मॅडम,” तो म्हणाला. “मले तसंही बसमध्ये झोप येते.” पुढे त्याला कधी बसमध्ये झोप आलेली मी पाहिली नाही.

दुसऱ्याच दिवशी नाश्त्याला सौ. सबनीसांनी चौकशी आरंभली. “मुलगा का आपला?” नाही. “मग भाचा?” नाही. “मग हे कोण?” मी म्हटलं, “शेजारी.” त्यांनी उपम्यात लक्ष घातलं. हंपीला नदीत वेताच्या गोल टोपलीतून फिरवतात. वाशीमच्या कोरड्या मुलखातल्या या माणसाला पाण्याची विलक्षण भीती. टोपली गरगरली तसा त्याने माझा हात घट्ट धरला. त्याला धीर यावा म्हणून मी तुंगा कुठे उगम पावते, भद्रा तिला कुठे मिळते, ते सांगू लागले. “मॅडम, शाळा सुटली,” तो डोळे मिटूनच म्हणाला. “आता नुसतं बसून राहा नं.” काठावर उतरलो, तरी त्याने हात सोडला नाही. मीही नाही. बस उभी होती तिथपर्यंत आम्ही तसेच चालत गेलो, आणि सबंध मित्रपरिवार आमच्याकडे पाहत होता. इतक्या वर्षांत मला इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी नियमानुसार आमचा नंबर पहिल्या रांगेत लागला. आम्ही तो सबनीस दांपत्याला देऊन टाकला आणि शेवटच्या लांब सीटवर जाऊन बसलो. “काकू, मागे फार दणके बसतात हो,” सहलीचा मॅनेजर काळजीने म्हणाला. मी त्याला सांगितलं, की दणके मला बसणार आहेत, त्याला नाही.

त्यानंतर तीन दिवाळ्या आम्ही तशाच सहलींना गेलो. एरवी तो धायरीला, मी खडकीला. मधे अख्खं पुणे आणि सगळ्यांचे डोळे. दुसऱ्या वर्षी त्याने लग्नाचं विचारलं. मी नको म्हटलं, आणि त्याचा मला पश्चात्ताप नाही. एक संसार मी नीट केला होता, दुसरा मांडायचा नव्हता. मला हा माणूस हवा होता, इतकंच. त्याने वाईट वाटून घेतलं, दोन दिवस मोजकं बोलला, मग स्वतःच माझ्यासाठी शेंगदाणे घेऊन आला. सुटी संपून बस स्वारगेटला लागली की मात्र त्याचा चेहरा उतरायचा, आणि तो पाहून मी घरी येऊन रडायचे. लोकांनी आमचं एकच गणित मांडलं होतं : बाई आधी जाणार आणि हा बिचारा एकटा मागे राहणार. सौरभनेही मांडलं, ग्रुपवरच्या प्रत्येकाने मांडलं. ते साफ चुकलं. अजून एकानेही तसं कबूल केलेलं नाही. मला किशोरचाही राग येतो. निदान त्याने तरी त्यांचं गणित खरं करायला हवं होतं...

तेराव्याला मी गेले. धायरीच्या त्या दोन खोल्यांमध्ये वाशीमची माणसं दाटीने बसली होती. किशोरचे एक काका दाराशीच होते. “आपण त्याच्या कंपनीतल्या का जी?” त्यांनी अदबीने विचारलं. मी म्हणाले, “नाही. किशोर आणि मी सोबत होतो.” पंगतीत माझ्यासाठी सरकून कुणी जागा करेना. तेवढ्यात वंदना आतून आली, एक जांभळी साडी तिने माझ्या हातात ठेवली, माझ्या कपाळाला कुंकू लावलं आणि काकांकडे न बघता मोठ्याने म्हणाली, “आमच्या इकडं दुखवट्याले घरच्या बायकायले साडी देतात, वहिनी. नेसूनच जेवाले बसा.” ती माझ्याहून वीसेक वर्षांनी लहान आहे. मी आतल्या खोलीत जाऊन साडी नेसले, मनसोक्त रडले आणि घरच्या बायकांच्या पंगतीत जेवले.

आता ती साडी मी धुऊन वापरायला काढली आहे. गेल्या रविवारी सौरभ आला, तेव्हा तीच नेसले होते. “छान आहे,” तो म्हणाला. “कुणी दिली?”

“नणंदेनं,” मी म्हटलं.

त्याच्या वडिलांना बहीण नव्हती. सौरभने चष्मा काढला, पण पुसला नाही, तसाच हातात धरून बसला आणि म्हणाला, “कधीतरी त्यांना घरी बोलाव.”